डोळा मिटलेली वाट

आमच्या इमारतीत पुढच्या बाजूला राहणाऱ्यांना ऊन मिळतं आणि मागच्या बाजूला राहणाऱ्यांना बातम्या मिळतात. आम्ही मागच्या बाजूला राहतो. इमारतीच्या पोटात तळापासून गच्चीपर्यंत एक अरुंद चौकोनी पोकळी आहे, तिला सगळे डक्ट म्हणतात. सांडपाण्याचे पाइप तिच्यातून जातात आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तिच्यात उघडते. ऊन तिथे उतरत नाही, पण आवाज एकही वाया जात नाही. कोणाचा जावई रुसला, कोणी वजन कमी करायचं ठरवून पुन्हा फ्रीज उघडला, हे आम्हाला हात धुता धुता कळतं. आमची ही मला चहाटळ म्हणते. देवाने दोन कान दिले आणि घर डक्टशेजारी दिलं, यात माझा काय दोष?

या डक्टच्या पलीकडच्या भिंतीत, आमच्या खिडकीच्या बरोबर समोर, एक खिडकी होती आणि त्या खिडकीत बरंताई बसलेली असायची.

बरंताई हे नाव मी ठेवलेलं. खरं नाव छान होतं, पण तिच्या तोंडून दिवसभर शब्द ऐकू यायचा तो एकच. दादा म्हणाला, तो डोंगर जरा खाली घे. बरं. वहिनी म्हणाली, गॅसवर दूध आहे, लक्ष ठेव. बरं. पुन्हा दादा म्हणाला, आता डोंगर होता तिथेच ने. तरी बरंच. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आई-वडील लवकर गेले, ही तेव्हा शाळेत. दादाने तिला वाढवलं, तिच्या वेण्या घालायला शिकला, तिचं सगळं मार्गी लागेपर्यंत स्वतःचं लग्न लांबवलं. आता ती चाळिशीकडे झुकली तरी तो तिला फळं सोलून, बिया काढून, ताटलीत मांडून द्यायचा. मी हे खवचटपणे सांगत नाही. दादा खरोखर चांगला माणूस. अडचण तीच होती. वाईट माणसाच्या घरातून पळून जाता येतं, वर लोक पाठ थोपटतात. चांगल्या माणसाच्या घरातून कोणत्या तोंडाने बाहेर पडायचं?

बरंताई चित्रं काढायची. ना कागद, ना ब्रश, ना बरबटलेली बोटं. समोर मोठा स्क्रीन, हाताखाली एक काळी पाटी, आणि पाटीवर सरकणारं पेन. पाटीवर काहीच उमटत नसे, जे उमटायचं ते स्क्रीनवर. आमच्या हिची पहिली दोन वर्षं समजूत होती की ही पोरगी घरबसल्या प्रवासाची तिकिटं काढून देते. मग एकदा स्क्रीन आमच्या बाजूला वळला आणि हिच्या हातातलं भांडं निसटलं. काय एकेक डोंगर! उशीच्या अभ्र्यासारखे चुरगळलेले, हिरव्याचे इतके प्रकार की हिरवा हा एकच शब्द अपुरा पडावा. कड्याच्या मध्यावर लोंबकळणारं तळं. उलट्या छत्र्यांसारखी झाडं. या जगात असा मुलूख नाही, पण बघताना वाटावं की आपण लहानपणी एकदा इथे येऊन गेलोय.

ही चित्रं दादा भिंतीएवढी छापून घ्यायचा आणि लावून द्यायचा. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे दातांचे डॉक्टर, रक्त तपासणारे, विम्याची ऑफिसं. जिथे जिथे माणसाला ताटकळत बसवायचं असतं, तिथे तिथे दादाची दरी असायची. धंद्याचा एक नियम त्याने पक्का केला होता, आणि त्यामागे एक दाढ होती. झालं असं, की सुरुवातीच्या एका चित्रात बरंताईने पायवाट काढली होती. एका दातांच्या डॉक्टरचा फोन आला की वाट पुसा. एक पेशंट त्या वाटेकडे बघत बसला होता, नंबर पुकारला तेव्हा खुर्ची रिकामी. गृहस्थ दाढ घेऊन पसार. आता तो काही चित्रातल्या वाटेने गेला नाही, दारानेच गेला, पण डॉक्टरने खापर वाटेवर फोडलं. दादाने ते मनावर घेतलं. चित्रात वाट नको. पुढे पूलही नको, होडीही नको. तो म्हणायचा, माणसाला बसल्या जागी बरं वाटलं पाहिजे, उठून जावंसं वाटता कामा नये. हे तो चित्रांबद्दलच म्हणायचा. निदान त्याला तसं वाटायचं.

एकदा मी खिडकीशी मटार सोलत उभा होतो. समोर बरंताई कमरेपर्यंत बाहेर वाकलेली, हातात फोन, फोनला चिकटवलेलं एक इवलंसं भिंग, आणि नजर सांडपाण्याच्या पाइपावर. मला वाटलं काहीतरी पडलं. काय शोधतेस म्हणून विचारलं. तिने मागे वळून पाहिलं, घरात कोणी नाही याची खात्री केली, आणि हळूच म्हणाली, "घाट."

मग तिने मला तो मुलूख दाखवला. पाइपाचा सांधा गळत होता, तो धबधबा. त्याच्याखाली शेवाळाचे उंचवटे, त्या टेकड्या. क्षारांचा पांढरा थर म्हणजे बर्फ. गंजाचे ओघळ म्हणजे लाल मातीचा उतार. भिंतीचे पोपडे सुटले होते तिथे कडे तुटलेले, आणि सांध्यात नेच्याची तीन-चार पानं उगवली होती ते घनदाट अरण्य. कबुतराचं मोडकं घरटं हा जुना, ओसाड गाव. मी त्या भिंतीकडे तोंड करून निम्मं आयुष्य भांडी विसळली होती, मला तिथे कायम ओलच दिसली.

ती म्हणाली, कोणाला सांगू नका. तेही कोणाला, तर मला! आमची ही आतून हसली. माझ्या पोटात गुपित म्हणजे चाळणीत पाणी, हे अख्खी इमारत जाणते. पण बरंताईने कारण सांगितलं आणि चाळणीची भोकं बुजली. ती म्हणाली, "दादाला कळलं तर तो उद्याच माणूस लावून भिंत घासून घेईल. माझ्यासाठीच करेल, काका."

त्याच दिवसांत तिने मला कामाची एक खुबी दाखवली. चित्र म्हणे एकावर एक ठेवलेल्या काचांसारखं असतं. एका काचेवर आभाळ, एकीवर डोंगर, एकीवर झाडं. ती त्यांना लेयर म्हणायची. प्रत्येक लेयरपुढे एक चिमुकला डोळा. त्याच्यावर पेन टेकवलं की डोळा मिटतो आणि तो थर दिसेनासा होतो. जात कुठेच नाही, फक्त दिसत नाही. तिच्या प्रत्येक चित्रात सगळ्यात वरच्या थराचं नाव होतं 'वाट', आणि प्रत्येकीचा डोळा मिटलेला. मी म्हटलं, दादा नको म्हणतो तर काढतेस कशाला? तर म्हणाली, वाट नसेल तर मला आत जाता येत नाही. आधी वाट काढते, तिच्यावरून चालत जाते, मग कुठे काय आहे ते कळतं. काम झालं की मिटून टाकते.

एवढे डोंगर काढणाऱ्या या बाईने खरा डोंगर शाळेच्या सहलीनंतर पाहिला नव्हता. चित्रं काढणाऱ्यांचा एक गट होता, तो दरवर्षी आठ दिवस डोंगरात जाऊन राहायचा. स्क्रीनवर त्यांच्याशी तिचं बोलणं चालायचं आणि एका वर्षी त्यांनी तिलाही बोलावलं. त्या दिवशी डक्टमधून जे ऐकू आलं त्यात दादाचा आवाज चढला नव्हता. तो समजावत होता, आणि मनापासून. तिथलं पाणी तुला सोसायचं नाही. रात्री थंडी पडेल. आणि शेवटी हसत म्हणाला, "तुला डोंगर बघायला जायची काय गरज? तुझे त्यांच्यापेक्षा चांगले आहेत."

तोंडभर कौतुकाशी भांडता येत नाही. मी नळ बंद करून कान लावला. समोरून आलं, "बरं."

त्यानंतर दादाने समोरच्या रस्त्यापलीकडे, नव्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर घर घेतलं. जुनं भाड्याने दिलं. आम्हाला घर बघायला बोलावलं तेव्हा त्याचा चेहरा नुसता फुलला होता, कारण त्याने बहिणीसाठी खास खोली बनवून घेतली होती. सगळे जण आधी दिवाणखाना दाखवतात, याने आधी ती खोली दाखवली. गारेगार हवा. भिंतींना आवाज पिणारे जाड तक्ते. दातांच्या डॉक्टरकडे असते तशी मागे झुकणारी खुर्ची. मी म्हटलं, आता फक्त 'आ करा' म्हणणारा पाहिजे. कोणी हसलं नाही. वहिनी दारातच उभी राहून म्हणाली की खिडकी ठेवायला हवी होती असं मी सांगत होते. दादा म्हणाला, अगं, खिडकी आली की उजेड आला, उजेड आला की स्क्रीनवर चकाकी येते, तिच्या डोळ्यांना त्रास. तेही खरंच होतं. दादाचं सगळं खरंच असायचं.

खिडकी नव्हती, पण खिडकीच्या जागी गंमत होती. दादाने पडदा बाजूला केला. आत तिचीच एक दरी, खिडकीच्या मापात छापलेली, मागून दिवे लावलेली, चौकटीसकट. वाट नसलेली दरी.

"बघ, खिडकीतून तुझाच मुलूख," दादा म्हणाला.

बरंताईने त्या चौकटीच्या खालच्या कडेवर हात ठेवला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात तसा. कट्टा नव्हता, हात घसरला. मग म्हणाली, "छान झालंय, दादा. बरं केलंस."

समोरची खिडकी रिकामी झाली, तशी आमच्या दुपारीही ओस पडल्या. नव्या भाडेकरूंनी तिला जाळी ठोकली आणि ते इतकं कमी बोलायचे की हिला संशय यायला लागला. बरंताईची खबर आता वहिनीकडून मिळे. काम जोरात आहे. गिऱ्हाइकं खूष आहेत. सगळं छान.

मग माझी दाढ दुखायला लागली. दवाखान्यात भिंतीवर दादाची नवी दरी होती. मी तिच्याकडे बघत बसलो आणि काहीतरी टोचायला लागलं. हा डोंगर ओळखीचा होता. हा पाइपाच्या डाव्या अंगाचा उंचवटा, जुन्या एका चित्रातला, उलटा करून ठेवलेला. ते अरण्य म्हणजे तेच नेचे, फक्त निळे केलेले. बाई आपल्याच चित्रांचं उष्टं पुन्हा वाढत होती. आणि बाकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ना डॉक्टरच्या, ना दादाच्या. मला दाढेपेक्षा त्याचं जास्त दुखलं. नवीन काही सुचत नसलं की निदान कोणीतरी ओरडायला हवं. तिला ओरडणारंही कोणी नव्हतं.

एका दुपारी दाराशी बरंताई. सहज आले, म्हणाली. चपला दाराबाहेर, पायपुसण्याच्या डाव्या बाजूला, एकमेकींना चिकटवून ठेवल्या, शाळेतल्या मुली उभ्या राहतात तशा. हिने बसायला सांगितलं तर म्हणे पाणीच घेते, आणि थेट स्वयंपाकघरात. तिथे पेला हातात धरून ती खिडकीशी उभी राहिली. मला वाटलं रडतेय. पण तिची नजर समोर तिच्या जुन्या खिडकीखाली खिळली होती. कट्ट्याच्या बरोबर खाली, भिंतीच्या भेगेत, एक रोपटं चांगलं हातभर वाढलं होतं. मुळं खालच्या पाइपाला वेटोळे घालून खाली गेलेली, पानं वर वळलेली. आम्हाला ते वर्षानुवर्षं दिसत होतं. ती बाहेर वाकायची तीही बाजूच्या पाइपाकडे, कट्ट्याखालचं हे तिला कधीच दिसलं नव्हतं.

ती म्हणाली, "मी रोज याच्या डोक्यावर कोपर टेकून बसत होते."

त्या आठवड्यात तिने जे चित्र काढलं त्यात तिचा हात पुन्हा जागा झाला. एक प्रचंड झाड कड्यातून आडवं फुटलेलं, त्याची मुळं दरीत उतरलेली. ते चित्र गेलं दादाच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे. तिथे एका लांबलचक हॉलमध्ये माणसं दिवसभर कानाला यंत्र लावून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकत बसतात. अख्खी भिंत त्यांना दिली.

आणि नेमका तिथे घोटाळा झाला. वाटेचा डोळा उघडा राहिला. चित्र छपाईला पाठवण्याआधी सगळे थर एकजीव करतात, आणि एकजीव केलेलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात, म्हणजे मूळ चित्राचे थर शाबूत राहतात. तिने मूळ फाइलवरच सेव्ह केलं. या धंद्यातली ही इतकी बाळबोध चूक आहे म्हणे, की शिकाऊ पोरंही ती दुसऱ्यांदा करत नाहीत. दुधात साखर विरघळल्यावर साखर वेगळी मागायची, तसं झालं. आता वाट त्या डोंगरातून निघेना.

भिंतीवर ती वाट जमिनीला टेकूनच सुरू होत होती, पाणी प्यायच्या यंत्राशेजारून. मुळांमधून वर चढून झाडाच्या मागे वळत होती. पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबाचा दादाला फोन. माणसं पाणी प्यायला उठतात आणि उभीच राहतात. एका मुलीने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलंय आणि फोनवरच्या माणसाला सांगितलंय की तुमची तक्रार बरोबर आहे. साहेबाचं म्हणणं, हे असंच चाललं तर कठीण आहे. वाट बंद करा.

पुढचं मला वहिनीने सांगितलं, आणि वहिनी तिखटमीठ लावत नाही, ते खातं माझ्याकडे आहे. वाटेवर काहीतरी चिकटवून झाकायचं म्हणून दादा एखादा जुना डोंगर शोधायला लागला. बरंताई शेजारी उभी. त्याने एक जुनी फाइल उघडली, वरच्या थराचं नाव वाचलं, मिटलेल्या डोळ्यावर टिचकी मारली. वाट. दुसरी उघडली. वाट. तिसरीतही वाट. सगळ्या चित्रांतून वाटा उठून उभ्या राहिल्या. मग त्याने दोन चित्रं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावली आणि थबकला. एका चित्रात वाट उजव्या कडेला जिथे संपत होती, दुसऱ्यात डावीकडून नेमकी तिथूनच आत येत होती. तिसरं लावलं, जुळलं. दवाखाने, विमा, रक्त, लघवी, सगळ्या भिंतींवरून मिळून ती एकच वाट होती, इतक्या वर्षांची.

दादाने विचारलं, "ही जाते कुठे?"

"अजून कुठेच नाही," बरंताई म्हणाली. "अजून बाहेर पडलेली नाही, दादा."

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला की आधी वाट झाकायला एखादं झुडूप काढून दे, तिथे लोक खोळंबलेत.

"बरं," ती म्हणाली, आणि तिने एक झुडूप काढलं. ते छापून वाटेच्या तोंडावर चिकटवलं. झुडूप अप्रतिम होतं असं साहेबाने कळवलं.

त्यानंतर मात्र तिचं पेन थांबलं. सकाळी खुर्चीत बसायची, स्क्रीन पांढरा, आणि संध्याकाळीही पांढराच. दादा घाबरला. डोळे तपासून आणले, खुर्ची बदलली, दिव्याचा रंग बदलला, फळांच्या ताटल्या वाढल्या. शेवटी तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, तुला काय हवंय ते सांग. ती म्हणाली, दुपारचं काकांच्या स्वयंपाकघरात बसू का? दादाला इतकं हायसं वाटलं! त्याला वाटलं होतं काहीतरी अवघड मागेल.

अशी ही डोंगरवेडी बाई फिरून फिरून आमच्या मोरीपाशी आली. स्टुलावर काळी पाटी, ओट्यावर छोटा स्क्रीन, आणि समोर डक्ट. दादा रस्ता ओलांडून सोडायला यायचा, संध्याकाळी न्यायला यायचा, आणि मध्ये फोन करून विचारायचा की उकडत नाही ना. पिंजरा तोच, फक्त तो खिडकीशी टांगला होता. तरी हात चालू लागला. आमची ही आधी कुरकुरली, मग भाजी चिरता चिरता मार्गदर्शन करायला लागली. हा डोंगर सुजल्यासारखा दिसतोय गं. तळं जरा अलीकडे ओढ. आणि सांगायची गोष्ट म्हणजे बरंताई हिला चक्क "नाही काकू, असंच राहू दे" म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

या दोघींचं स्वयंपाकघरात काय शिजत होतं याचा मला पत्ता नव्हता. यात माझा अपमान आहे, पण त्यांचं शहाणपणही आहे. मला कळलं ते थेट त्या दिवशी. दादा तिला सोडून गेला. तिने पाटी स्टुलावर ठेवली. हिने डब्यांच्या मागून एक भरलेली पाठपिशवी काढली, जी तिथे कधी आली देव जाणे. तो चित्रकारांचा गट निघाला होता, आठ दिवस, बस संध्याकाळची. बरंताईने पिशवी पाठीला लावली, खिडकीतून एकदा त्या रोपट्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "येते काकू. दादाला मी तिथून फोन करेन. इथून केला तर मी बरं म्हणेन."

दाराबाहेर चपला पायात सरकवल्याचा आवाज, मग जिन्यात पावलं. मी तोंड उघडलं. ही म्हणाली की ते मिटा, आज त्याचं काम नाही.

हिचा अंदाज चुकला. काम होतं. कारण बस सुटायला अवकाश होता आणि दारात दादा उभा. एवढ्या लवकर! गिऱ्हाइकाला कुठलातरी बदल लगेच हवा होता. आता नीट लक्षात घ्या. त्याला कळलं असतं, तर तो घरची स्कूटर काढून बसच्या थांब्यावर पोचला असता. ओरडला नसता. नुसतं म्हणाला असता, चल गं, थंडी बाधेल. आणि ती उतरली असती.

मी त्याला खुर्चीवर बसवलं. ती आत कामात आहे, म्हटलं, रंगात आलीय, आत्ता उठवू नकोस. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार हिने लावून घेतलं आणि आतून एकटीच बोलायला लागली. अगं, तो कडा उजवीकडे घे. हां, आता बघ कसा शोभतो. असं नाटक या बाईला येतं हे मला एवढ्या संसारात माहीत नव्हतं. आणि मी? मी माझं दुकान उघडलं. चौथ्या मजल्यावरच्या जावयाचं रुसणं मुळापासून सांगितलं. गच्चीच्या किल्लीवरून झालेलं भांडण सगळे आवाज काढून सांगितलं. न घडलेलीही दोन लग्नं मोडून दाखवली. आयुष्यभर ज्याला ही टवाळी म्हणत आली, ते सगळं मी त्या दुपारी कामाला लावलं. दादा ऐकत होता. मध्ये मध्ये हूं म्हणत होता. एकदा बंद दाराकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. खिडकीबाहेरचा उजेड उतरला. माझा घसा बसला. आतला कडा उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे किती वेळा गेला ते सांगता येणार नाही.

मग दादा उठला. मला वाटलं आता दार उघडणार. त्याने ते उघडलं नाही.

"सावकाश होऊ दे तिचं," तो म्हणाला. "मी घाई करत नाही म्हणावं."

मी त्याला पोचवायला उंबऱ्यापर्यंत गेलो. पायपुसण्याच्या उजव्या बाजूला त्याच्या चपला होत्या. डाव्या बाजूची जागा रिकामी होती, आणि ती तो आला तेव्हाही रिकामीच असणार. त्याने त्या जागेकडे बघत बघत एक चप्पल घातली, मग दुसरी, आणि जिना उतरून गेला. मी कान लावून होतो, पण पलीकडून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला नाही. घरीच गेला, रस्ता ओलांडून.

तिचा फोन आला, दादाशी ती बराच वेळ बोलली, एवढं मला माहीत आहे. काय बोलली ते नाही. चौदाव्या मजल्यावरचं बोलणं आमच्या डक्टमध्ये पडत नाही, हे त्या नव्या घराचं मोठंच व्यंग आहे. वहिनीने एवढंच सांगितलं की फोन ठेवल्यावर दादा तिच्या खोलीत गेला, आतून दार लावून त्या खुर्चीत बसला, समोर ती दिव्यांची दरी. जरा वेळाने बाहेर आला आणि वहिनीला म्हणाला की अगं, या खोलीत कोंडल्यासारखं होतं.

वहिनी म्हणाली, मी काय सांगत होते?